भांड्यांच्या मशीनला पितळेची वाटी

७ फेब्रुवारी १९८२, रविवार

मशीन आलं. बायकोचा भाऊ धैर्यशील जर्मनीहून सुट्टीवर आलाय, त्याच्या सामानाबरोबर बोटीनं मुंबईला आणि तिथून ट्रकनं मंगळवार पेठेत. भांडी धुण्याचं मशीन. पांढरंशुभ्र, माझ्या कमरेच्या वर येतं. जिना चढवायला तालमीतली पोरं बोलवावी लागली. घरमालक हंबीरराव खालीच राहतात. ते सोप्यात उभे राहून म्हणाले, ही काय तिजोरी हाय व्हय? मी म्हणालो, डिशवॉशर. ते म्हणाले, म्हंजे तिजोरी न्हाईच.

बहिणीच्या हातांसाठी आणलंय, असं धैर्यशील येताजाता सांगत होता. शालनच्या हातांना पाणी आणि सोडा सोसत नाही. बोटं पेरांशी फुटतात, रक्त येतं. ती ब्लाउज शिवते. लग्नसराईत पेठेतल्या नवऱ्या मुलींची शिलाई तिच्याकडंच येते, आणि बोट फुटलेलं असलं की सुई धरवत नाही. हे सगळं मलाही ठाऊक आहे. बहिणीचा एवढा पुळका आहे तर दाजींना निदान एखादं घड्याळ आणायला हरकत नव्हती. असो.

त्यानं स्वतः नळ जोडला, एकदा चालवून दाखवलं. भांडी स्वच्छ निघाली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो समजावून सांगत होता तेव्हा मी सगळं समजल्यासारखी मान हलवली, कारण मला सगळं समजलं होतं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

धैर्यशील गेला. स्टेशनवर म्हणाला, दाजी, त्याला काही म्हणजे काही करायला लागत नाही, निस्तं बटण दाबायचं.

हे मला लागलं. मी ऑइल इंजिनच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. अठरा वर्षं इंजिनांची बिलं माझ्या टेबलावरून जातात. कनेक्टिंग रॉडपासून गव्हर्नरपर्यंत प्रत्येक पार्टचं नाव पाठ. इंजिनिअर म्हणजे आणखी वेगळा काय असतो?

संध्याकाळी धोंडुबाईला सांगितलं की उद्यापासून भांड्यांना येऊ नकोस. ती आमच्याकडं मुलगी सुनंदा पाळण्यात होती तेव्हापासून होती. आता सुनंदा लग्न होऊन जयसिंगपूरला. धोंडुबाई म्हणाली, व्हय, घासू दे की मशीनला. पर खरकटं काढून मशीनच्या हातात द्यायला बाई लागंल, तवा मला बोलवू नगासा. उद्धटपणा. शालन तिच्या मागं दारापर्यंत गेली आणि बराच वेळ तिथंच बोलत उभी होती. घरातला चहा दोघींनी बाहेर जिन्यात बसून प्यायला.

२१ फेब्रुवारी, रविवार

संकल्प: दर रविवारी मशीनचं मेंटेनन्स. कुठलंही यंत्र उघडून बघितल्याशिवाय आपलं होत नाही.

उघडलं. तळाशी कोपऱ्यात एक पांढरी प्लास्टिकची वाटी उपडी बसवलेली आहे. पाणी चढलं की ती तरंगून वर येते, तिच्या दांडीखालचं बटण सुटतं आणि आत येणारं पाणी बंद होतं. धैर्यशीलनं हे दाखवलं होतं. वाटी काढून हातात घेतली तर काही हातात आहे असं वाटेचना. बोटानं दाबली तर दबते. सगळं मशीन पोलादी आणि मुख्य पार्ट कचकड्याचा. हे लोक दोन महायुद्धं हरले ते उगीच नाही.

आमच्या कोल्हापुरात वस्तू हातात घेतल्यावर हाताला कळली पाहिजे. तांब्या असो, खुरपं असो की पायातली वहाण. वजन नाही ती वस्तूच नाही.

शालन म्हणाली, चालतंय तर कशाला हात लावतायसा? आठवडाभर मशीन बरं चाललंय एवढ्यावर ती खूश आहे. उद्याचा विचार बायका करत नाहीत.

२४ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत उद्यमनगरात फक्रुद्दीन मिस्त्रीकडं गेलो. आमच्या कारखान्यामागंच त्याचं लेथ आहे. भरदार माणूस, आवाज लेथच्या वर. वाटी तळहातावर उडवून बघितली आणि हसत सुटला. म्हणाला, साहेब, ह्ये काय बारशाचं खेळनं हाय? आपन पितळंची करू. नातवाच्या लग्नात पन चालंल असली देतो.

माणसाला कळतं. आतली जाडी किती ते बघायला त्यानं वाटी लगेच हॅकसॉनं मधोमध कापली. जुनं ठेवून करायचंय काय, असं मीच म्हणालो होतो.

२७ फेब्रुवारी, शनिवार

वाटी तयार. काय सुरेख काम. सोन्यासारखी पॉलिश. हातात घेतली की हात खाली येतो. भांड्यावर नाव घालतात तसं फक्रुद्दीननं आपल्या मनानं माझं नाव घालून दिलंय, बाळासो शं. पाटील. जर्मन मशीनमध्ये कोल्हापूरचं पितळ. ऑफिसात सगळ्यांना दाखवली. कॅशिअर म्हणाला, पानाच्या डब्यातली वाटी ना, अडकित्ता कुठाय? त्याला मेकॅनिक्समध्ये गती नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

मटण होतं. म्हणजे टेस्टला योग्य दिवस. रश्श्याचा तेलकटपणा काढणं हीच खरी परीक्षा. नवी वाटी बसवली, ताटं, वाट्या, पातेलं सगळं लावलं आणि बटण दाबून आरामात वर्तमानपत्र उघडलं.

पाणी आत आलं. येतच राहिलं. दाराच्या फटीतून तांबडं पाणी स्वयंपाकघरात, तिथून माजघरात, तिथून जिन्यानं खाली. शालननं पळत जाऊन नळ बंद केला. खालून हंबीररावांचा आवाज आला, बाळासो, वरनं रंकाळा सोडलासा व्हय?

निदान: आज नगरपालिकेच्या नळाला वाजवीपेक्षा जास्त जोर होता. रविवारी असतो.

शालननं विचारलं, वाटी बदलली आणि आजच कसं झालं ओ? मी सांगितलं, योगायोग. तिनं सगळं पाणी पुसलं आणि मग ती तेलकट भांडी मोरीत बसून घासली. तिला म्हणालो, आजचा दिवसच.

७ मार्च, रविवार

परत तसंच. नळाचा जोर नव्हता, दोष जमिनीचा आहे. लेव्हल बॉटल लावून बघितलं तर फरशी मोरीकडं उतरती. मशीन तिरकं उभं असेल तर पाण्याची पातळी मशीनला कशी कळणार? हंबीररावांना स्पष्ट सांगितलं की तुमच्या घराचं बांधकाम सदोष आहे. ते म्हणाले, आमच्या आज्यानं बांधल्यापासनं ह्या घरातनं पाणी मोरीकडंच जातंय, ते दाराकडं जाया लागलं ते तुमी आल्यावर.

शालन आत भांडी घासता घासता म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. मशीनच्या दोन पायांखाली विटा घातल्या.

१४ मार्च, रविवार

विटांचा निश्चित फायदा झाला. पाणी आता डाव्या बाजूनं न येता उजव्या बाजूनं येतं.

शालनच्या उजव्या हाताची दोन बोटं फुटलीत. चिंधी बांधून शिवायला बसते. म्हणाली, धोंडुबाईला बोलवा, नाहीतर धैर्यशीलला सांगून तसली वाटी मागवा. दोन्हीतलं काहीतरी एक करा, लग्नाची कापडं यायला लागलीत.

ती समजते तितकं हे सोपं नाही. मशीन असलेल्या घरात मोलकरीण आली तर पेठ काय म्हणेल? आणि धैर्यशीलला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? निस्तं बटण दाबा म्हणाला होता. त्याच्या हातात आयतं कोलीत द्यायचं. तिला समजावलं की प्रॉब्लेम आता शेवटच्या टप्प्यात आहे. तिनं चिंधीची गाठ दातानं आवळली. पटलं असावं.

२६ मार्च, शुक्रवार. गुढीपाडवा

मुहूर्ताचा दिवस. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. ठरवलं की आज मशीन सर्वांसमक्ष चालवायचं. लोक बसलेले असले की माणूस काय आणि यंत्र काय, नीट वागतं. हंबीरराव, त्यांच्या घरचे, ऑफिसातला कॅशिअर सपत्नीक. मशीनला हळदकुंकू, हार. शालनला भांड्यांवर पुरणाचं खरकटं तसंच ठेवायला सांगितलं होतं. मी चार शब्द बोललो. यंत्रयुग आणि स्त्रीची मुक्ती यावर.

सविस्तर लिहीत नाही. कॅशिअरची बायको नऊवारी शालू नेसून आली होती. हंबीररावांनी चपला हातात घेतल्या. गुढी बाहेर होती, तिला काही झालं नाही.

मंडळी गेल्यावर शालन पदर खोचून पाणी उपसत होती. मी म्हणालो, हाराचं एखादं फूल आत गेलं असणार. ती वर न बघता म्हणाली, अवो, वाटी तरंगत न्हाई. पितळ हाय ती. तिला उचलायला पाणी न्हाई, माणूस लागंल.

विज्ञानाचा गंध नाही. पितळेची घागर विहिरीत तरंगत नाही का? हा मुद्दा मला उशिरा सुचला, तोवर ती भांड्यांपाशी बसली होती.

४ एप्रिल, रविवार

तरीही खुल्या मनानं फक्रुद्दीनकडं गेलो. शालनचं नाव न घेता विचारलं की वाटी जड तर झाली नाही ना? त्याला हे अपमानास्पद वाटलं. म्हणाला, जड? उलट हलकी पडली आसनार साहेब. पान्याच्या माऱ्यानं हिंदकळती, म्हनून बटन सुटत न्हाई. आनि जरा वजन वाढवू, म्हंजे गप बसंल जाग्यावर.

पटलं. इतके दिवस सगळे उलट्या दिशेनं विचार करत होते. नवी वाटी ऑर्डर केली, दुप्पट जाडीची. नाव मात्र नको म्हणालो.

११ एप्रिल, रविवार

नवी वाटी जागेवर गप्प बसते. अजिबात हलत नाही. फक्रुद्दीन म्हणाला होता तसंच.

पाणी माजघराच्या उंबऱ्यापर्यंत. खाली हंबीररावांच्या झोपायच्या तक्तपोसावर ठिपकलं. ते वर आले नाहीत, त्यांनी खालूनच जे काही म्हणायचं ते म्हटलं. त्यात माझ्या वडिलांचा उल्लेख होता.

१८ एप्रिल, रविवार

सोल्यूशन सापडलं, आणि इतकं साधं की हसू आलं. मशीनच्या आधी नळाला कॉक बसवला. मशीन चालू करायचं, आत पाणी पुरेसं झालं की हातानं कॉक बंद करायचा. मशीननं घाण पाणी सोडलं की पुन्हा उघडायचा, पुन्हा बंद करायचा. एक थेंब सांडत नाही. याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात.

अर्थात कॉकपाशी कुणीतरी उभं राहायला हवं. मी ऑफिसला जातो. शालनला ड्यूटी समजावून दिली. ती म्हणाली, तास-दीड तास हितं उभं ऱ्हायचं, तेवढ्यात माझी दोन येळची भांडी घासून हुत्यात. मी म्हणालो, पण हात भिजत नाहीत. हा मुद्दा बिनतोड होता.

२५ एप्रिल, रविवार

ती कॉकपाशी उभी राहत नाही. तिच्याकडं लग्नाची कापडं आहेत, ती शिलाई मशीनवर बसते आणि एका कानानं पाण्याचा आवाज ऐकते. परवा पायडलच्या आवाजात ऐकू आलं नाही. स्वयंपाकघर भरलं, कापडांचं गाठोडं खालून भिजलं. तेव्हापासून तिनं डिशवॉशरवर चादर घातली आहे आणि त्यावर डबे ठेवलेत. भांडी मोरीत.

सहकार्य नसेल तर टेक्नॉलॉजी एकटी काय करणार?

२ मे, रविवार

धैर्यशीलचा फोन. जर्मनीहून, हंबीररावांच्या घरी. त्यांचा नातू वर बोलवायला आला. आम्ही दोघं धावत खाली. रिसीव्हर मी घेतला. आवाज इतका स्वच्छ की शेजारच्या खोलीतून बोलतोय असं वाटावं. त्यानं पहिलंच विचारलं, मशीन कसं आहे?

मी म्हणालो, उत्तम.

शालन माझ्या शेजारी उभी होती. तिच्या दोन्ही हातांना चिंध्या होत्या. हंबीरराव समोर खुर्चीत. धैर्यशील म्हणाला, काही बिघडलं तर सांगा, पार्ट पाठवून देतो, पोस्टानं येतो, सोपं आहे. मी म्हणालो, काही गरज नाही, वॉच मेकॅनिझमसारखं चाललंय. मग त्याला बहिणीशी बोलायचं होतं. तिनं रिसीव्हर घेतला, बोटं लागतात म्हणून तळहातांत धरला. तिकडून त्यानं हातांचं विचारलं असावं. ती म्हणाली, बरं हाईत रे. तू जेवतोस का वेळेवर?

म्हणजे तिलाही ते मान्यच असणार. नाहीतर तेव्हाच बोलली असती. जिना चढताना मी तसं म्हणालोही. ती माझ्या पुढं होती, तिनं मागं वळून बघितलं नाही.

९ मे, रविवार

आज एक अप्रिय प्रकार. खासबागेजवळच्या एका घरची मुलगी, उद्या अक्षता. तिचा ब्लाउज, पिवळा रेशमी, हळदीचा. शालननं रात्रंदिवस बसून शिवला. काल हातशिलाई करताना बोट फुटलं आणि काखेखाली रक्ताचा डाग पडला. तिनं थुंकी लावली, मीठ लावलं, पाण्यानं पुसला. डाग पसरला. मुलीची आई आज न्यायला आली, उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, शालनताई, नवऱ्या मुलीच्या अंगाला रक्ताचा डाग? आमी हे घालू तरी कसं? तिनं आवाज चढवला नाही. ब्लाउज तिथंच पायडलवर ठेवून गेली.

शालन रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. शिलाई मशीनवर झाकण घालून बसून राहिली. मी म्हणालो, कापड मुळात हलकं होतं. म्हणालो, या लोकांना कदर नाही. म्हणालो, पुढच्या रविवारी मी वाटीचा प्रश्न मुळापासून बघतो. तेव्हा ती माझ्याकडं बघून म्हणाली, एक पत्र टाकायचं हुतं ओ तुमाला. एक वाटी पाठीव म्हणून. तेवढंच.

संध्याकाळी पिठलंभात. ताटं तशीच मोरीत.

१२ मे, बुधवार

शालन सुनंदाकडं जयसिंगपूरला गेली. चार दिवस. हात जरा सुकू देत म्हणाली. मीच एस.टी. स्टँडवर पोचवलं. मधल्या काळात मशीनवर निवांत काम करता येईल, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, करा.

१६ मे, रविवार

एकटा. शांतता. आता कुणाची लुडबुड नाही.

ड्रिल घेऊन मशीनच्या अंगाला, हवी त्या पातळीवर, एक भोक पाडलं. जादा पाणी भोकातून बाहेर, खाली बादली. धरणाच्या सांडव्याचं तत्त्व. राधानगरीला काय वेगळं आहे?

गरम पाणी भोकातून माझ्या पायावर. बादली सरकवायला गेलो तर फवारा तोंडावर. पुढं मशीनमधून एक निळा आवाज आला. आवाज निळा कसा असेल, पण तसाच होता. मग घरातले सगळे दिवे गेले. खालचेही. हंबीरराव कंदील घेऊन जिन्याच्या तळाशी उभे राहिले आणि म्हणाले, बाळासो, हात दाखवून अवलक्षण. आता पुरं करा. वैनी परत येस्तोवर तरी ह्या घराला घर म्हनून ऱ्हाऊ द्या.

२३ मे, रविवार

चार दिवस होऊन गेले. निरोप आला, अजून थोडं राहते. काळजीचं कारण नाही. तिचं शिलाई मशीन इथंच आहे. ते सोडून ती कुठं जाणार?

भांडी साठली आहेत. आपण एक ताट, एक वाटी, एक तांब्या यावर भागवायचं ठरवलं. गांधीजींचा मार्ग. सकाळचा चहा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, रात्री खानावळ.

६ जून, रविवार

जयसिंगपूरला गेलो. रीतसर आणायला. जावई आकाराम दारातच भेटला, पाणी दिलं, बसा म्हणाला. शालन परसात सुनंदाच्या शेजारणीचं पोलकं शिवत होती. हातानंच. मला बघून उठली, चहा टाकला. तिचे हात बघितले. बोटं भरून आलीत. पेरं गुळगुळीत. चिंध्या नाहीत. इकडची हवा चांगली दिसते.

चहा घेताना तिनं एकच विचारलं. धैर्यशीलला सांगितलंसा काय?

सांगितलं नव्हतं. सांगतो म्हणालो असतो तरी चाललं असतं. ती बहुधा तेवढ्यावर उठली असती, पिशवी घेतली असती. मला दिसत होतं ते. पण आकाराम तिथंच बसला होता, सुनंदा दारात होती, आणि दोघांच्या देखत मी म्हणालो, सांगायचं काय त्यात, मशीन तसं ओके आहे, थोडं ॲडजस्टमेंट राहिलंय.

ती म्हणाली, बरं.

पाचच्या एस.टी.नं परत आलो. बसायला जागा होती. शेजारची सीट रिकामी होती, तिथं पिशवी ठेवली.

१३ जून, रविवार

तडजोड म्हणून धोंडुबाईला गाठलं. आता ती हंबीररावांच्या पलीकडच्या घरी भांडी घासते. तिला सांगितलं की मशीन सर्व्हिसिंगला आहे, तात्पुरती ये. ती हात न थांबवता म्हणाली, वैनी आल्यात?

मी म्हणालो, येतीलच.

ती म्हणाली, त्या आल्या की त्यांच्यासाटी मी येतो म्हनून सांगा. तुमच्या एकल्याच्या ताटासाटी मला उंबरा चढाय लावू नगासा.

माज. मशीन आणलं नसतं तर ही एवढी बोलली नसती. अर्थात मशीन आणलं नसतं तर ती आमच्याकडंच असती.

२७ जून, रविवार

आज बाहेर कुठं गेलो नाही. डिशवॉशरवर मीच पुन्हा घातलेली चादर काढली, दार उघडलं. आत वास येतो. पितळेला हिरवट डाग पडायला लागलेत. बघत बसलो. वाटी काढायचा प्रयत्न केला नाही. फार घट्ट बसली आहे.

घर फार रिकामं वाटतं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

११ जुलै, रविवार

आज सकाळी आकाराम आला. टेंपो घेऊन. पाया पडला, चहा नको म्हणाला. मला आधी कळेना. मग म्हणाला, सासूबाईंनी शिलाई मशीन आणायला सांगितलंय. तिकडं त्यांना बरीच कामं यायला लागलीत, हातानं पुरं पडत न्हाई.

मी म्हणालो, घेऊन जा की, त्यात विचारायचं काय. त्यानं आणि टेंपोवाल्यानं पायडलसकट उचललं. मी जिन्याच्या वळणावर हात लावला. जड होतं. जुन्या वस्तू जड असतात. कात्री, टेप, दोऱ्यांचा डबा, सगळं तिनं आठवणीनं सांगून पाठवलं होतं आणि सगळं तिनं सांगितलेल्या जागीच होतं. मी आकारामला म्हणालो, हे भांड्यांचं मशीनही नेतोस का? शालनसाठीच आलंय ते. थोडं काम आहे, बाकी उत्तम आहे. तो जरा घुटमळला. म्हणाला, त्या म्हणाल्या, ते त्यांच्याकडंच असू दे.

टेंपो गेल्यावर हंबीररावांनी सोप्यातून विचारलं, शिलाईचं मशीन कुठं चाललं? मी म्हणालो, ऑइलिंगला. उद्यमनगरात. एरवी त्यांनी काहीतरी टोला दिला असता, मी तयारही होतो. ते नुसतं म्हणाले, व्हय व्हय.

दुपारी त्यांच्या घरून झाकून ताट आलं. भाकरी, मटण, तांबडा, पांढरा, कांदा, लिंबू. आजवर त्या घरातून आमच्याकडं शिव्याच आल्या होत्या. सगळं जेवलो. मोरीत बसून ताट घासलं. रश्श्याचा तेलकटपणा हातानं जायला वेळ लागतो, सोडा बोटांना झोंबतो. घासून, पुसून, पालथं घातलं.

आता परत द्यायला हवं. शेजारचं ताट रिकामं परत देत नाहीत, एवढं मला माहीत आहे. त्यात काय घालून द्यायचं असतं, ते शालनला माहीत.